वरच्या ओळीतला माणूस

त्या दिवशी रविवार होता. सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या पोस्टवर बर्फ कोसळला. नऊ पन्नासला मी रेडिओवरून कंपनी हेडक्वार्टरला कळवलं की सगळी माणसं मिळाली. एक माणूस मिळाला नव्हता. त्याचं नाव लान्स नायक योहान.

मी तेव्हा हवालदार होतो आणि त्या पोस्टचा कमांडर होतो. पोस्ट उत्तरेकडच्या डोंगरात होती. तिचं नाव लिहीत नाही. नफरी बारा. नफरी म्हणजे हजर माणसांचा आकडा. तो रोज सकाळ-संध्याकाळ खाली कळवावा लागतो. आदल्या दिवशी रॉकेलचे जरिकॅन घेऊन एक पोर्टर वर आला होता. हवा बिघडली म्हणून तो थांबला. म्हणजे त्या सकाळी पोस्टवर तेरा माणसं होती.

आमच्या कंपनीत खानदेशातले ख्रिस्ती आम्ही दोघेच. मी चाळीसगावचा. वडील रेल्वेत होते, घरात पुस्तकं होती, आणि शाळा संपेपर्यंत मी दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसलो होतो. नंतर सोडलं. भांडण नव्हतं. मला वाटायचं की देवाचं मला जे कळायचं ते एकट्यानं वाचूनही कळेल, आणि कदाचित जास्त नीट कळेल. योहान धुळ्याच्या पुढे, सोनगीरच्या अलीकडे एका वस्तीतला. बाप नव्हता. आई होती, मार्था. वस्तीत सगळे तिला अक्का म्हणत.

त्या वस्तीत पत्र्याच्या छपराचं एक देऊळ आहे. तिथे एक पद्धत आहे, जी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. योहाननं मला ती एकदा ड्युटी संपल्यावर सांगितली होती. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, नाना मास्तर शाळेतून निवृत्त झाले, पण हजेरी घ्यायची सवय गेली नाही. पहिलं गीत झालं की नाना वही उघडून एकेक नाव वाचतात. आलेला माणूस "हजर" म्हणतो. न आलेल्यासाठी वहीतल्या त्याच्या वरच्या ओळीतल्या माणसानं उठून सांगायचं की तो कुठे आहे. शेतात आहे, ताप आहे, सुरतेला गेला आहे. सांगता आलं नाही तर उपासना संपल्यावर आधी त्याच्या घरी जायचं, बघून यायचं, आणि मग जेवायचं.

"आणि तुझं नाव?" मी विचारलं होतं.

"आहे ना. मी आईच्या खालच्या ओळीत. ती दर रविवारी उठते आणि सांगते, सीमावर शे, फोन उना व्हता."

"देवाला हजेरी लागत नाही, योहान."

"देवाला नाही लागत, भाऊ. नानांना लागते. स्वर्गात गेले तर तिथेही लेटमार्क लावतील."

ड्युटीवर तो मला उस्ताद म्हणायचा, एरवी भाऊ.

पोस्टवर देऊळ नव्हतं. योहान दर रविवारी साडेनऊला स्टोअर हटमध्ये जाऊन बसायचा, कारण वस्तीतली उपासना साडेनऊला सुरू व्हायची. गीताचं पुस्तक, मफलर आणि बसायला रिकामं खोकं. अर्ध्या तासात परत. सगळ्या पोस्टला हे ठाऊक होतं.

त्या रविवारी सव्वानऊला तो माझ्याकडे आला.

"चला भाऊ. दोन माणसं झाली की मंडळी होते."

"तू हो पुढे. मला एवढं प्रकरण संपवायचं आहे."

"पुस्तक कुठे पळून जात नाही."

"देवही जात नाही."

"तो नाहीच जात. आपण जातो." तो हसला आणि गेला.

मी पंचवीस मिनिटं वाचलं. मग आवाज आला. ज्यांनी तो ऐकला नाही त्यांना सांगता येणार नाही. बाहेर आलो तेव्हा स्टोअर हट दिसत नव्हती. राहायच्या हटचं एक टोक गाडलं गेलं होतं, मोठी अँटेना आडवी झाली होती. वारा होता. दहा पावलांपलीकडे माणूस दिसत होता, चेहरा दिसत नव्हता. सगळ्यांच्या अंगावर सारखेच कोट, तोंडावर सारख्याच टोप्या. पोर्टरच्या अंगावरही आमचाच जुना कोट होता.

अशा वेळी नावानं हाक मारून गिनती करायची, हा नियम. नावानं हाक मारायला तीन मिनिटं लागली असती. मी ती वाचवली. "फॉल इन! गिनती कर!" असं ओरडलो. माणसं रांगेत उभी राहिली आणि एकेकानं आकडा पुकारला. पहिला आकडा माझा. एक, दो, तीन, चार. शेवटचा आकडा बारा आला.

आकडा बरोबर होता. माणसं बरोबर नव्हती.

"चार्ली, चार्ली टू. एव्हलांच. स्टोअर हट गेली. नफरी पूरी. ओव्हर."

"चार्ली टू, नफरी पूरी, कन्फर्म करो. ओव्हर."

"कन्फर्म. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

त्यानंतर आम्ही शिस्तीनं काम केलं. हवा यायची भोकं मोकळी केली. अँटेना उभी केली. दोघांना वरच्या उतारावर नजर ठेवायला बसवलं. स्टोअर हटकडे कुणी गेलं नाही, कारण तिथे फक्त सामान होतं आणि सामानाला घाई नव्हती. योहान वरच्या बाजूला असेल, असं प्रत्येकाला वाटलं. नफरी पूर्ण आहे हे उस्तादनं सांगितलं होतं.

दहा वाजून अठरा मिनिटांनी चहा झाला. पोर्टर मग वाटत होता. एक मग उरला.

"साब, योहान भाई चाय नहीं पिएगा?"

"ऊपर होगा. गिनती में तो था."

पोर्टरनं माझ्याकडे पाहिलं. "गिनती में बारह नंबर मेरा था, साब."

आम्ही स्टोअर हटच्या जागेवर लांब सळया खुपसत गेलो. दहा बत्तीसला योहान सापडला. बावन्न मिनिटं झाली होती. तोंडापुढे त्यानं हात धरला होता आणि हाताखाली पोकळी होती. म्हणजे तो काही वेळ श्वास घेत होता. नर्सिंग असिस्टंटनं पाऊण तास प्रयत्न केले. खाली डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं की पहिली वीस मिनिटं महत्त्वाची असतात. मी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी सगळ्या वेळा खऱ्या सांगितल्या. मृत्यूचं कारण नैसर्गिक आपत्ती, असं ठरलं. मला तीन ओळींची लेखी समज मिळाली.

शंभरातलं एक मेंढरू हरवल्याची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. तो मेंढपाळ बाकीची सोडून शोधायला गेला, यावर अनेक प्रवचनं ऐकली, वाचली. एक हरवलं आहे हे त्याला कळलं कसं, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यानं नीट मोजलं होतं.

पार्थिव घेऊन मी धुळ्याला आलो. सलामी झाली, बिगुल वाजलं, अधिकारी आले, फोटो निघाले. अक्का रडली नाही. तिला घडी केलेला झेंडा दिला तेव्हा तिनं तो पदराखाली घेतला. माझी चार दिवसांची रजा शिल्लक होती. चाळीसगावला जायचं सोडून मी धुळ्यातच लॉजवर राहिलो. रविवारी सकाळी साध्या कपड्यांत वस्तीच्या देवळात गेलो आणि मागच्या बाकावर बसलो.

पहिलं गीत झालं. नानांनी वही उघडली. नावं वाचत ते "मार्था"वर आले. "हजर." मग सवयीनं त्यांनी पुढचं नाव वाचलं.

"योहान."

वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं. वही हातात तशीच राहिली. अक्का उठली. दर रविवारी उठायची तशीच. मग वळून तिनं माझ्याकडे बोट केलं.

"याले इचारा. हाऊ व्हता त्याना संगे."

मी उभा राहिलो. कोर्टासमोर सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. एक गोष्ट कोर्टात कुणी विचारली नव्हती, तीही सांगितली. रविवारी साडेनऊनंतर योहान कुठे असतो हे मला माहीत होतं. त्यानं मला बोलावलं होतं. मी वाचत बसलो.

कुणी रागावलं नाही. कुणी जवळही आलं नाही. उपासना संपल्यावर दाराशी सगळे एकमेकांचे हात हातात घेतात. माझा कुणी घेतला नाही. रत्नाकर नावाचा एक गृहस्थ, धुळ्यात ज्याचं दुकान आहे, एवढंच म्हणाला, "साहेब, हे त्या माउलीसमोर सांगायची काही गरज होती का?" मेलेल्याच्या नावावर वहीत रेघ मारतात. नानांनी पट्टी काढली तेव्हा अक्का म्हणाली, "रेघ मारू नका, नाना." ती पुढेही काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. मी स्टँडकडे निघालो होतो.

नोकरीची तीन वर्षं उरली होती, ती पुरी केली. पेन्शनवर आलो आणि चाळीसगावच्या घरात एकटा राहू लागलो. लग्न केलं नव्हतं. दोन कपाटं पुस्तकं होती. रविवारी मोबाइलवर प्रवचन लावायचो. प्रवचनकार चांगले होते. भाषा शुद्ध, विचार स्वच्छ, मध्येच उठून चहा करता येत होता. कुणी बाजूला खोकत नव्हतं, कुणी बेसूर गात नव्हतं. मी कोण आहे आणि कुठे मोजायला चुकलो, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. मला तेच हवं होतं.

त्या पावसाळ्यात मला ताप आला. पहिले दोन दिवस मी गोळ्या घेतल्या. नंतर उठवेना. आठव्या दिवशी रविवार होता. मोबाइल उशाशी होता आणि प्रवचन आपोआप सुरू झालं. विषय होता प्रभूची सोबत. प्रवचनकार माझ्याकडे बघून बोलत होता आणि मी पाण्याच्या तांब्यापर्यंत पोहोचू शकत नव्हतो. प्रवचन संपलं. पुढचं सुरू झालं.

दुपारी तीनच्या सुमारास दार वाजलं. मी भिंत धरून गेलो, कडी काढायला बराच वेळ लागला. बाहेर नाना आणि अक्का उभे होते. नानांच्या हातात छत्री, अक्काच्या हातात पिशवी.

"हवालदार, दार उघडायला इतका वेळ?" नाना म्हणाले. "पहारा ढिला पडला." मग माझा चेहरा बघून त्यांनी मला धरलं.

तीन वर्षांपूर्वी त्या रविवारी अक्कानं नानांना काय सांगितलं, ते मला तेव्हा कळलं. योहानच्या नावाखालच्या ओळीत माझं नाव घालायला सांगितलं होतं. तेव्हापासून दर रविवारी योहाननंतर माझं नाव वाचलं जात होतं. वरच्या ओळीतला योहान उत्तर देऊ शकत नव्हता, म्हणून त्याच्या वरची अक्का उठायची. "पलटनमां शे," ती सांगायची. "फोन करस नही." मी निवृत्त झाल्याचं त्या दिवशी सकाळी तिला कुणाकडून तरी समजलं. माझं नाव वाचलं गेलं आणि तिला उत्तर देता आलं नाही. उत्तर नाही म्हणजे जाऊन बघायचं. फौजेच्या ओळखीतून पत्ता काढला आणि दोघं धुळ्याहून एसटीनं आली. जेवली नव्हती.

मी खाटेवर पडून रडलो. अक्का माझ्याकडे पाठ करून स्टोव्ह शोधत होती.

"मी तुले माफ करेल नही," ती म्हणाली. "वहीमां तुनं नाव शे, म्हनीसन उनू. तांदूळ कोठे शेत?"

तिनं खिचडी केली. आम्ही तिघांनी खाल्ली. नानांनी डॉक्टर आणला. संध्याकाळच्या गाडीनं दोघं परत गेली.

पुढच्या महिन्यात मी त्या वस्तीत खोली घेतली.

लोकांना वाटतं, मंडळीत प्रेम मिळतं म्हणून माणसं जातात. मला तिथे फारसं प्रेम मिळालं नाही, आणि तसं लिहिलं तर खोटं होईल. आमची मंडळी लहान मनाची आहे. दान दिलेल्या पंख्यावर कुणाचं नाव रंगवायचं यावरून दोन घरांनी देऊळ सोडलं. पेटी वाजवणाऱ्याला सूर कळत नाही आणि त्याला ते सांगायची कुणाची छाती नाही. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तिचं दळण आणायचो, ती पीठ घ्यायची आणि दार लावायची. तरी दर रविवारी साडेनऊनंतर माझं नाव मोठ्यानं वाचलं जायचं. मी गप्प राहिलो असतो तर ती उठली असती. एवढं मला पुरत होतं. त्याहून कमी असतं तर मी चाळीसगावला त्या खाटेवर मेलो असतो आणि प्रवचन चालू राहिलं असतं.

नाना गेले. त्यांची वही माझ्याकडे आली. नाव वाचणाऱ्याला नफरी कळवून मोकळं होता येत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मग लोक कमी होत गेले. काही पुण्याला गेले. काहींना धुळ्यातल्या मोठ्या हॉलमधली गाणी आवडली. तिथे हजार माणसं मावतात आणि कुणीही कधीही निघू शकतं. बाकीचे मोबाइलवर गेले. रत्नाकरही. त्याचं नाव वहीत अक्काच्या वरच्या ओळीत होतं. मी त्याच्या दुकानात गेलो.

"शमुवेलभाऊ, मी काही देवाला सोडलं नाही," तो म्हणाला. "घरी सगळे मिळून टीव्हीवर बघतो. तुम्ही ती वही बंद करा आणि एक ग्रुप काढा. ज्याला यायचं नसेल तो मेसेज टाकेल."

"जो पडला असेल तो कसा टाकेल?"

"तुम्ही फौजी लोक सारखं वाईटच धरून चालता."

"तुम्ही अक्काच्या वरच्या ओळीत आहात."

"बरं, मग माझं नाव खाली घ्या!" तो हसला. दुकानातली माणसंही हसली.

नवे पाळक महिन्यातून दोनदा येतात. तरुण आहेत, सभ्य आहेत. तेही म्हणाले की हजेरीत बारा मिनिटं जातात, त्याऐवजी आणखी एक गीत घेता येईल. मी म्हणालो, तीन मिनिटं वाचवून काय होतं ते मी पाहिलं आहे.

मागच्या हिवाळ्यातला एक रविवार. पहिलं गीत झालं. मी वाचायला सुरुवात केली.

"रत्नाकर." उत्तर नाही. त्याच्या वरच्या ओळीतल्या बाईनं सांगितलं, घरी आहे, टीव्ही बघतो.

"मार्था."

उत्तर नाही.

मी पुन्हा वाचलं. रत्नाकरची बाकावरची जागा रिकामी होती. ज्यानं उठायचं तो तिथे नव्हता, आणि त्याच्या वरच्या बाईला काही ठाऊक नव्हतं. बाकीचे इकडेतिकडे बघत होते. कुणी तरी म्हणालं, "येईल, उशीर झाला असेल." उपासना संपल्यावर जाऊन बघायचं, असा नियम आहे. मी वही बाकावर ठेवली आणि निघालो. नऊ बावन्न झाले होते. वाटेत मी पळत होतो. माझं वय पळण्याचं नाही.

नऊ पंचावन्नला मी तिच्या अंगणात होतो. ती न्हाणीजवळ पडली होती. खुबा मोडला होता, साडी ओली होती, अंग गार पडलं होतं. शुद्धीवर होती. मी माझा कोट तिच्यावर टाकला, गाडीसाठी फोन केला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. इतक्या वर्षांत मी तिला हात लावला नव्हता.

"कितला वाजनात?" तिनं विचारलं.

मी घड्याळ बघून सांगितलं, "नऊ अठ्ठावन्न."

तिनं डोळे मिटले. मग म्हणाली, "लवकर उना."

गाडी आली. ती दवाखान्यात अकरा दिवस जगली. मी रोज जात होतो. वस्तीतल्या बायका पाळीनं रात्री राहिल्या, त्यात पंख्यावरून देऊळ सोडलेल्या घरची एक होती. रत्नाकर शेवटच्या दिवशी फळं घेऊन आला आणि दाराबाहेर उभा राहिला. मातीला आला. पुढच्या रविवारी देवळात आला नाही.

अक्काच्या नावावर मी पट्टीनं रेघ मारली. योहानच्या नावावर मारलेली नाही. तिनं मारू नका म्हणून सांगितलं होतं आणि ते मागे घेतलं नव्हतं.

आता वहीत एकोणीस नावं आहेत. दर रविवारी पहिल्या गीतानंतर मी ती वाचतो. योहानचं नाव आलं की वाचून थांबतो आणि मीच उत्तर देतो, "मोजला आहे." मग माझं नाव वाचतो आणि हजर म्हणतो. माझ्या वर योहान आहे, त्याच्या वर रेघ मारलेली ओळ आहे, आणि तिच्या वर रत्नाकर. मी एखाद्या रविवारी आलो नाही, तर माझ्यासाठी उठायला वरच्या तीन ओळींत कुणी नाही.